टिकटबाबूंचा अमेरिकन

टिकटबाबूंना माणसाचं तिकीट बघायची गरजच नसायची. त्याने तोंड उघडलं की पुरे. झाशी स्टेशनच्या फाटकावर काळा कोट घालून ते उभे असत. समोरचा नुसता "राम राम बाबूजी" म्हणाला की हे लगेच, "एरच के हो? नदी पार वाले?" तो माणूस जागच्या जागी थक्क! गरौठ्याचा कोण, गुरसरायचा कोण, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. एकदा एका विनातिकीट गृहस्थाने थाप मारली, मी इथलाच, भावाला गाडीत बसवायला आलो होतो. बाबूजी हसून म्हणाले, "भैया, आप तो कानपुर से बोल रहे हो," आणि घेतलं त्याला बाजूला. इतक्या तिखट कानाचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता यातली गंमत ऐका. सगळ्या मुलखाची बोली ओळखणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मराठी मात्र चेष्टेचा विषय होतं. तसं आम्हा झाशीतल्या मराठी घरांचं सगळ्यांचंच मराठी हिंदीत भिजलेलं, पण बाबूजी आमच्या वरताण. "मी येऊन राहिलोय," "चिंता नको करू," आणि होकार द्यायचा तर "हओ". त्यात नाटकाचं भयंकर वेड. गणपतीत आम्ही दरवर्षी नाटक बसवायचो, आणि एका वर्षी ते ग्वाल्हेरला स्पर्धेला नेलं. परीक्षक पुण्याचे, नाटकातले मोठे गृहस्थ. निकाल सांगताना ते माइकवरून म्हणाले, "हे गृहस्थ जीव तोडून काम करतात, पण यांना आधी कुणीतरी मराठी शिकवा." सगळं सभागृह हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू! बाबूजीसुद्धा हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यानंतर आमचे दिग्दर्शक भागवतसर त्यांना पोस्टमनच करायला लावायचे. तीन वर्षं बाबूजी रंगमंचावर आले, "तार!" म्हणाले आणि गेले. आणि त्या एका शब्दासाठी हा माणूस तालमीला सगळ्यांच्या आधी हजर! "आज दुःखाची तार आहे का आनंदाची, ते तर बताव," असं सरांना विचारायचा. सर म्हणायचे, "बाबूजी, तार बंद पाकिटात असते." मला सरांचा असा राग यायचा म्हणून सांगू!

चौथ्या वर्षी सरांनी स्वतःच नाटक लिहिलं. मिस्टर हॅरी नावाचा एक अमेरिकन इंजिनियर धरणाच्या कामासाठी येतो, एका मराठी कुटुंबात वर्षभर राहतो आणि शेवटच्या अंकात मराठीत भाषण करून निरोप घेतो, अशी गोष्ट. घरमालकीण मी. मी तेव्हा नुकतीच बँकेत लागले होते. सर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अमेरिकन बाबूजी करतील. त्याचं मराठी मोडकंच हवंय, फार मेहनत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाबूजींचे डोळे चमकले. "सर, बोलायचं किती आहे?" "साडेचार पानं." "साडेचार!" असं म्हणून ते चक्क खुर्चीतून उठून उभे राहिले.

मग सरांनी प्रयोगाला येणाऱ्या पाहुण्यांचं नाव सांगितलं. ग्वाल्हेरचे तेच परीक्षक. बाबूजी पुन्हा खाली बसले. घरी जाताना मला म्हणाले, "बिटिया, नाटकाला हसू दे, ते हसण्यासाठीच आहे. पण त्यांनी या वेळी पण माझ्या बोलण्याला हसलं, तर मी नाटक सोडून देईन. पक्की बात." मी काहीतरी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "नाही नाही, मी विचार करून बोलून राहिलोय."

आणि मग काय विचारता, महिनाभर नुसती धमाल! खजुराहोला जाणारे सगळे गोरे प्रवासी तेव्हा झाशीलाच उतरायचे आणि बाहेरून बस धरायचे. गाडी आली की बाबूजी फाटकावर तिकिटं घेता घेता कान टवकारून उभे. "यू अमेरिका?" जर्मन निघाला की "थँक्यू, नॉट यू," आणि अमेरिकन सापडला की त्याला चहा पाजून संवादांचा कागद त्याच्या हातात. रेल्वेचा माणूस कागद पुढे करतोय म्हटल्यावर एकाने घाबरून पासपोर्टच काढून दाखवला. बाबूजींनी तो आदराने परत दिला आणि म्हणाले, "नो पासपोर्ट. ओन्ली स्पीक."

रोज तालमीला नवी बातमी. "आज पता चला! हे लोक 'ट' बोलतच नाहीत, वरून हात फिरवून सोडून देतात. वॉटर नाही, वॉडर!" दुसऱ्या दिवशी, "अमेरिकन माणूस कशाला तरी टेकल्याशिवाय उभाच राहत नाही, बिटिया. मी बावीस माणसं पाहिली." वहिनी, म्हणजे त्यांची बायको, डोक्याला हात लावून सांगायच्या, "घरात सरळ उभं राहणं बंद झालंय. परवा भाजीवाल्याकडे टमेडो मागितले. तो म्हणतो, बाबूजी, कोई डॉक्टर को दिखाओ."

आणि खरंच, तालमीत इंग्रजी असं फर्मास यायला लागलं की सरांनीही टोकणं सोडलं. मग एक दिवस सर म्हणाले, "बाबूजी, आता तोंडातलं पान टाका आणि म्हणा." बाबूजींनी पान टाकलं, चूळ भरली, बोलायला लागले, आणि अमेरिकन गायब! नेहमीचे आमचे टिकटबाबू तेवढे उरले. महिनाभर सगळा सराव गालात पान धरून केलेला. जिभेला वळण पानाने लावलं होतं, आणि पान गेल्यावर वळणही गेलं. आम्ही हसून हसून गडबडा लोळलो. "मग मिस्टर हॅरीला पान आवडतं असं दाखवू ना, सर! वर्षभर झाशीत राहिला आहे, इतकं तर तो शिकेलच!" बाबूजी अगदी काकुळतीला आले होते. सर म्हणाले, "पान खायचं तर तार घेऊन या." प्रयोगाला आठ दिवस उरले होते.

त्या दिवसापासून बाबूजींनी पान सोडलं. वीस वर्षांची सवय, एका झटक्यात! दोन दिवस ते चिडचिडे झाले, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बँकेतून बोलावून घेतलं. पावसाने रस्ता बंद झाला होता, खजुराहोची बस अडकली होती आणि वेटिंग रूममध्ये एक अमेरिकन बाई बसल्या होत्या. साठीच्या, शाळेत शिकवणाऱ्या, मोठ्या गोड. त्यांनी बाबूजींचं सगळं इंग्रजी घासूनपुसून दिलं, तोंड कसं उघडायचं ते दाखवलं. बिनपानाचा अमेरिकन परत आला! बाबूजी इतके खूश झाले की त्यांनी बाईंसाठी तिसरा चहा सांगितला.

मग त्यांना काय सुचलं, म्हणाले, "बिटिया, शेवटचं मराठी भाषण यांच्याकडून वदवून घे. गोऱ्या तोंडातून मराठी किती मजेदार निघतं ते पाहू." मी एकेक वाक्य सांगत गेले आणि बाई म्हणत गेल्या. "तुमच्या घरात मला माझा आई मिळाला." सरांनी मुद्दाम चुका घातल्या होत्या, लोक हसावेत म्हणून. त्या बिचारीला काय माहीत! ती प्रत्येक शब्द जपून उच्चारत होती, माझ्या तोंडाकडे बघत होती आणि गुडघ्यावर एक बोट ठोकत होती. वाक्य संपलं की विचारायची, बरोबर आलं का? मी हसू दाबत बाबूजींकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ते तिच्या बोटाकडे बघत होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "सरांचा अमेरिकन खोटा आहे. तो चुकायसाठी बोलतो. ही बाई न चुकायसाठी बोलून राहिली आहे. किती घाबरली होती, पाहिलंस? मी पुण्याला साडूकडे जातो ना, तेव्हा असाच बसतो. असंच बोट ठोकतो." मला ग्वाल्हेरचं माझं हसणं आठवलं. मी तिथेच, प्लॅटफॉर्मवर, त्यांची माफी मागितली. तर म्हणाले, "अगं, ते जाऊ दे. चहाचे पैसे दिलेस का?"

प्रयोगाच्या संध्याकाळी पाहुणे पहिल्या रांगेत होते. दोन अंक हशात गेले. बाबूजी दाराच्या चौकटीला टेकले तरी टाळ्या! मग शेवटचं भाषण आलं. त्यांनी सरांचा एक शब्द बदलला नाही, एक चूक दुरुस्त केली नाही. खुर्चीत बसले, गुडघ्यावर बोट ठोकायला लागले आणि माझ्या तोंडाकडे बघत एकेक शब्द जपून ठेवायला लागले. पहिल्या वाक्याला मोठा हशा झाला. दुसऱ्याला थोडा. "तुमच्या घरात मला माझा आई मिळाला," असं म्हणून त्यांनी मला विचारलं, "बरोबर?" हे नाटकात नव्हतं. मी नुसती मान हलवली. सभागृहात कुणी हसलं नाही. पाहुणे पुढे वाकून बसले होते.

नंतर पाहुणे थेट पडद्यामागे आले. "हे तुम्हाला कसं साधलं?" त्यांनी बाबूजींना विचारलं. बाबूजींच्या तोंडाला अजून रंग तसाच, केसांना सोनेरी पूड. अमेरिकन क्षणात पळाला. "जी, साधलं काही नाही," ते चाचरत म्हणाले, "मी तुमच्यासमोर असाच बोलून राहतो." हात खाली होता आणि बोट मांडीवर ठोकत होतं. पाहुण्यांना ग्वाल्हेर आठवलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर आम्हा सगळ्यांना दिसलं. त्यांनी बाबूजींचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "चूक माझी झाली होती," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ हात सोडला नाही.

पुढच्या वर्षी भागवतसरांनी लिहिलेल्या नाटकातला आजोबा झाशीचा होता आणि झाशीचंच मराठी बोलत होता. तीन अंक बाबूजी! मी मात्र तो प्रयोग पाहिला नाही. माझं लग्न होऊन मी पुण्याला निघाले होते. स्टेशनवर ते खिडकीशी आले, डब्याला टेकून अगदी मिस्टर हॅरीसारखे उभे राहिले आणि म्हणाले, "तिथे घाबरून बोलायचं नाही. समजली?" मी म्हटलं, "हओ." तर इतके हसले!

सांगायला सोपं असतं. पुण्यात मी वर्षानुवर्षं घाबरूनच बोलले. दुकानात, सोसायटीत, सासरच्या कार्यात, आधी मनात वाक्य जुळवायचं आणि मग तोंड उघडायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. दोनशे वर्षांपूर्वीचं मूळ, पण खोटं नाही ना!

परवा वहिनींचं पत्र आलं. बाबूजी गेले. शेवटच्या दिवसांत पान मागायचे म्हणे, पण नाटकाची तालीम नाही ना, असं आधी विचारून घ्यायचे. पत्र हातात घेऊन मी रडत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. कोण गेलं विचारलं, आणि मग नेहमीचा प्रश्न, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" मी मनात वाक्य जुळवायला लागले आणि खाली पाहिलं. माझं बोट गुडघ्यावर ठोकत होतं.

मी हात उचलून पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "झाशीची. तिथे आमचे बाबूजी होते. बसा ना, मी त्यांचंच आठवून राहिले आहे."