तीन पिल्लं आणि सोयाबीनचं दूध

जे सांगणार आहे ते आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आईनं नाही, मित्रांनी नाही, आणि ज्यांच्याबरोबर चौकाचौकात उभं राहून पत्रकं वाटली त्या साथीदारांनी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला मध्येच अडवणार नाही. अडवलंत तर मी लगेच थांबेन — या गोष्टीच्या दारापर्यंत येऊन मी कितीदा तरी परत फिरलोय.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढलो. बाबा मिलमध्ये होते आणि मिल बंद पडल्यावरही युनियनची पत्रकं लिहीत राहिले. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरच. शाईचा वास असलेले गठ्ठे घरी यायचे, आम्ही फरशीवर बसून घड्या घालायचो. त्या कागदांवर जगात दोनच बाजू असायच्या, आपली आणि त्यांची. मधे उभा राहील तो भित्रा, नाहीतर विकला गेलेला. हे मी लहानपणी शिकलो. फार चांगलं शिकलो.

मोठा झाल्यावर मी माझी लढाई निवडली, ती दुधाविरुद्ध. वासराच्या तोंडून ओढून घेतलेली वस्तू मी पिणार नाही, असं ठरवलं. ज्या शहरात रबडीशिवाय पाहुणचार पुरा होत नाही, तिथं मी काळा चहा मागायचो आणि लोक विचारायचे, तब्येत बरी नाही का? आमचा छोटा गट होता. लिहायचो मी, म्हणून पुढारीही मीच. ‘दूध ही चोरी आहे’ हे वाक्य माझं. मला ते आजही खरं वाटतं. हे मुद्दाम सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही दोष त्या वाक्याला द्याल — आणि मी सुटून जाईन.

आमच्या कॉलनीच्या मागं झुडपांचा एक मोकळा प्लॉट होता. तीन वर्षांपूर्वी तिथं जेसीबी आला. जमीन सपाट करताना एक मादी चिरडली गेली आणि तिच्या बिळात तीन पिल्लं निघाली. झाऊ चूहा, इकडं सगळे असंच म्हणतात, इंग्रजीत हेजहॉग. अंगठ्याएवढे जीव, डोळे मिटलेले, पाठीवर पांढरे मऊ काटे. मजूर म्हणाले, भिया, आप ले जाओ, नहीं तो कुत्ते खा जाएँगे. मी रुमालात घेऊन आलो.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, आणि ते शब्द मी विसरलो असं मला कधीच म्हणता येणार नाही. गाईचं दूध चुकूनही देऊ नका, ते यांना पचत नाही, जुलाब होऊन मरतील. कुत्र्याच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती आणा. नाही मिळाली तर बकरीचं दूध, कोमट, ड्रॉपरनं. ऊब द्या, वजन करत राहा, वजन वाढेना झालं तर लगेच फोन करा. आणि वनविभागाला कळवा, हा रानातला जीव आहे. वनविभागाला कळवलं. ते म्हणाले, येतो दोन-चार दिवसांत, तोवर जगवा.

तोवर जगवा. एवढंच काम होतं.

मी दुकानात गेलो. पावडरचा डबा हातात घेतला आणि मागचं बारीक छापलेलं वाचलं. पहिलाच घटक — गाईच्या दुधाची भुकटी. मी डबा परत फळीवर ठेवला. राहिलं बकरीचं. पण माझ्याच पत्रकात होतं ना, की प्रत्येक आईचं दूध तिच्याच पिल्लाचं? मग या पिल्लांची आई मेलेली असताना कुणाचं दूध त्यांचं? हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. पडलं ते उत्तर, तयार, छापलेलं. मी मालव्यातला माणूस. आमच्या शिवारांत पिकतं काय? सोयाबीन! मी ते भिजवलं, वाटलं, उकळलं, फडक्यातून गाळलं. दिसायला अगदी दूध. त्याच संध्याकाळी ड्रॉपर तोंडाशी धरलेल्या पिल्लाचा फोटो गटात पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कुणाचंही न चोरता.’ पुढच्या पत्रकाचा मथळा तोच ठरला.

दिवसा मी ऑफिसात. पिल्लं कुणाकडे ठेवायची? शेजारच्या रेखाकाकूंकडे. रेखाकाकू शाळेतून निवृत्त झालेल्या, काका वारलेले, मुलगी मेघा पुण्यात. त्यांनी बुटाच्या खोक्यात जुनी शाल घातली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली आणि माझ्याकडून सगळं नीट समजून घेतलं. पाजल्यावर ओल्या कापसानं पोट कसं चोळायचं, हेही. वाटीतलं सोयाबीन पाहून मात्र हसल्या.

“अरे, हे तर वरणाचं पाणी दिसून राहिलंय! आजारी आहेत का ती?”

“काकू, विचार असतो त्यामागं.”

“विचार तुझा ना रे? त्यांना विचारलंस का? का त्यांनापण सत्याग्रहाला बसवलंस?”

मी हसलो नाही. तेव्हा मी फारसा हसत नसे.

पिल्लं वाढली नाहीत. पोटं ढोलकीसारखी ताणली, कातडी मात्र सैल पडत गेली. वजनाचा काटा पुढं सरकेना. मी काय केलं? डॉक्टरांना फोन केला? नाही. फोन केला असता तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, काय पाजताय? मी सोयाबीन आणखी पातळ केलं, चिमूटभर साखर टाकली आणि स्वतःला समजावलं, सवय व्हायला वेळ लागतो.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर काकू दारातच उभ्या. चेहरा उजळलेला. म्हणाल्या, “लवकर ये, लवकर ये, आणि ओरडू नकोस आधी!” खोक्यातलं सगळ्यात लहान पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं. ड्रॉपरचं टोक पकडून ते ओढत होतं, पुढचे दोन्ही पाय त्यावर रोवून. आल्यापासून त्यातलं एकही पिल्लू असं प्यायलं नव्हतं. काकूंनी दुपारी कुणाला तरी सांगून बकरीचं दूध मागवलं होतं. बाकीची दोघं मान उचलत नव्हती, ती घोटभरही प्यायली नाहीत. हे एक प्यायलं होतं. दोनदा.

“बघ ना, कसं बदमाश झालंय एकदम,” काकू म्हणाल्या.

मी बघितलं. हेच ते वाक्य, ज्याच्याभोवती मी इतका वेळ घुटमळतोय. मी बघितलं. पिल्लाचं पोट मऊ होतं, तेही मी बोट लावून पाहिलं. मला कळलं. शंका नव्हती, अंदाज नव्हता — कळलं. आणि कळल्याबरोबर माझ्या डोक्यात काय आलं असेल? तो फोटो. ‘कुणाचंही न चोरता.’ आता गटाला काय सांगायचं?

मी काकूंना भाषण दिलं. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्या हातात पिल्लू घेऊन उभ्या असताना. बकरीचं करडू, त्याचा हक्क, आपली सोय, आपला ढोंगीपणा. आवाज चढवला. वर हेही म्हणालो की डॉक्टरांनी दूध अजिबात देऊ नका म्हणून सांगितलंय. डॉक्टरांनी गाईचं म्हटलं होतं. मी ‘गाईचं’ हा शब्द गाळला. एक शब्द! पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला कळतं, कुठला शब्द गाळला की काय होतं.

काकूंचा चेहरा उतरला. “मला काय माहीत रे,” म्हणाल्या. उरलेलं दूध मी त्यांच्यासमोर मोरीत ओतलं आणि पिल्लं घरी घेऊन आलो. ऑफिसातून रजा काढली. आता दुसऱ्या कुणाचा हात नको होता मला. मीच पाजत राहिलो, सोयाबीन.

मोठी दोघं आधी गेली. ते लहानगं टिकलं आणखी थोडं. ड्रॉपर तोंडाशी नेला की ते तोंड फिरवायचं. मी बोटानं जबडा उघडून थेंब सोडायचो. शेवटी तेही गेलं. वनविभागाचा माणूस आला तेव्हा मी त्याला रिकामं खोकं दाखवलं. तो म्हणाला, इतने छोटे बचते नहीं, भैया, आप दिल पे मत लो. त्याच्या या बोलण्याचाही आधार घेतला मी काही दिवस.

गटात विचारणा झाली. पिल्लं कशी आहेत? मथळा तर ठरलेला होता. मी लिहिलं — शेजारच्या एका प्रेमळ बाईंनी माझ्या मागं बकरीचं दूध पाजलं. यात खोटं काय होतं? एकही शब्द नाही. सगळे हळहळले. मग मी त्यावर पत्रक लिहिलं. माझ्या सगळ्या पत्रकांत तेच सर्वांत चांगलं झालं, असं लोक म्हणाले. इथल्या लालबागच्या मैदानावर मेळा होता, तिथं आम्ही ते वाटलं. नाव नव्हतं त्यात. पण कॉलनीला नाव लागतं का?

एक पत्रक फिरत फिरत काकूंपर्यंत पोचलं. त्या आल्या. मला वाटलं, भांडतील. भांडायला हव्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या, कागदाची बारीक घडी मुठीत.

“माझ्यामुळं गेली का रे ती?”

नाही म्हणायला किती श्वास लागतो? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, काकू.”

मी त्यांना माफ केलं. मी — त्यांना! आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मला म्हणाल्या, तुझं मन मोठं आहे.

यानंतर काकूंनी गॅलरीत चिमण्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं उचलून टाकलं. कॉलनीतल्या कुत्रीला पोळी घालायच्या, तेही बंद केलं. विचारलं तर म्हणत, नको रे, आपल्याला कळत नाही यातलं. मी ऐकायचो, मान हलवायचो, कामावर जायचो. नवी पत्रकं लिहायचो. सत्यावर.

कदाचित असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या आठवड्यात मेघा बाळंतपणानंतर पहिल्यांदा बाळाला घेऊन इंदूरला आली. आम्हा शेजाऱ्यांना बोलावलं होतं. बाळाला आईचं दूध पुरत नाही, म्हणून वरचं दूध देतात. मेघानं बाटली तयार केली, बाळ काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि बाटली त्यांच्या हातात द्यायला गेली. काकूंनी दोन्ही हात मागं घेतले. बाळाला मांडीवर सांभाळायला कोपर तेवढं टेकलेलं, मुठी मिटून छातीशी.

“तूच पाज गं. माझ्या हातून नको.”

“आई, काहीतरीच काय! मला नाही का वाढवलंस?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी. माझा हात वाईट आहे आता. सारंगला विचार.”

आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या. जुनी आठवण असलेल्या माणसाकडे बघून हसावं तशा. मेघानं माझ्याकडे पाहिलं. बाळ रडत होतं. माझ्या हातात बशी होती. मी म्हणालो, “काकू जरा जास्तच घाबरतात,” — आणि बशीतला लाडू उचलून तोंडात टाकला.

तीन वर्षांपूर्वीचं मी रागावर ढकलू शकतो, वयावर ढकलू शकतो, बाबांच्या पत्रकांवरसुद्धा. पण हा लाडू? हा कशावर ढकलू? तिथं गट नव्हता, मथळा नव्हता. एक बाई स्वतःच्या नातवाला हात लावायला भीत होती आणि ती भीती मी दिलेली होती. मी चावत होतो.

मेघा रविवारी पुण्याला परत जाणार आहे. त्याआधी मी त्या घरात जाईन आणि दोघींच्या समोर बोलेन. मनात तालीम केली की भाषण होतं, म्हणून लिहून काढलं. लिहिलेलं खोडत गेलो. ‘समजून घ्या’, हे खोडलं. ‘तेव्हा मी लहान होतो’, हेही खोडलं. मी लहान नव्हतो. उरलं ते एवढंच.

तुमच्या दुधानं पिल्लू उठून बसलं होतं, काकू. ते मी पाहिलं होतं. नंतर मी त्याचा जबडा उघडून सोयाबीन पाजलं.