व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू?

बदलापूरच्या पोलीस ठाण्यातल्या माझ्या शेवटच्या वर्षातली ती तक्रार अजून डोक्यातून गेलेली नाही. मोठमोठ्या घरफोड्या विसरलो, ही राहिली.

भरदुपारी पंचाहत्तरीच्या एक आजी रिक्षाने एकट्याच आल्या. ट्रंकेतून घुंगरं चोरीला गेली म्हणाल्या. ठाणे अंमलदार हसला. मी त्याला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर हसू मलाही आलं होतं. फिर्याद लिहिताना व्यवसाय विचारला, तेव्हा त्या जरा थांबल्या.

“घरकाम लिहा,” म्हणाल्या.

चहा दिल्यावर मोकळ्या झाल्या. मुंबईतल्या कोठ्यांच्या वस्तीत त्या वाढल्या होत्या. सकाळी उस्तादांपुढे गाण्याचा रियाज, संध्याकाळी पायात घुंगरं बांधून बैठक. “बड्या घरची माणसं आमच्याकडे येऊन बसायला-बोलायला शिकली, साहेब. ठुमरी, दादरा आमच्या बायकांनी जपलं. गाणं रेडिओवर गेलं, आम्ही गल्लीतच राहिलो.” घुंगरं त्यांच्या गुरुबाईंनी स्वतः ओवलेली होती, एकेका घुंगराला वेगळी गाठ मारून. “जाताना ती उशाशी पाहिजेत. दुसरं काही मागत नाही.”

पंचनाम्याला घरी गेलो. ट्रंकेचं कुलूप शाबूत होतं. त्यांची मुलगी अंबरनाथच्या एका शाळेत शिक्षिका होती. ती म्हणाली, “आईचं वय झालंय, तिला भास होतात. असलं काही आमच्या घरात कधीच नव्हतं.” आजींनी ट्रंकेचं झाकण लावून टाकलं. नातीचं लग्न ठरलंय, पुढच्या आठवड्यात सासरची माणसं घर बघायला येणार आहेत, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. माझी शंका तिथेच सुरू झाली, पण शंकेवर कुणाला चोर ठरवता येत नाही.

उल्हासनगरच्या बाजारात मी निरोप देऊन ठेवला होता. तिथल्या एका भंगारवाल्या शेठचा फोन आला. “साहब, एक रिक्षावाला पीतल के घुंगरू दे गया. बोला, किसी मैडम ने भेजे. एक-एक गाँठ हाथ की है, गलाने का दिल नहीं हुआ.”

त्याच्याकडून घुंगरांची पिशवी आणून, महिला शिपायाला सोबत घेऊन पुन्हा त्यांच्या घरी गेलो. मुलीला चार प्रश्न फिरवून फिरवून विचारले. प्रत्येकाचं उत्तर एकच, आपण ही वस्तू कधी पाहिलीच नाही. मी कंटाळून पिशवी पायाशी ठेवली. ती कलंडली आणि घुंगरं माझ्या बुटावर सांडली.

मुलगी झटकन पुढे झाली. दोन्ही हातांनी घुंगरं उचलून तिने कपाळाला लावली, आणि मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. लहानपणी लागलेलं वळण होतं ते. मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

“माझ्या पोरीचं लग्न मोडलं असतं,” ती रडत म्हणाली.

आजींनी तिला जवळ घेतलं. “मला नुसतं सांगायचंस. मीच कुठेतरी ठेवली असती,” त्या म्हणाल्या.

मला तेव्हा माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं आठवली. कोठ्यावरच्या एका धाडीत अशीच घुंगरं मी पोत्यात कोंबली होती आणि पोतं पायाने गाडीत सरकवलं होतं. समोर उभी असलेली बाई हात जोडत होती. कशासाठी, ते मला इतक्या वर्षांनी या घरात कळलं. आजींना मी ते सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. “आता कळलं ना, झालं तर,” म्हणाल्या. वर्दीतल्या माणसाला इतक्या सहज कुणी माफ करत नाही. त्या माफीसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

तक्रार मिटवायला जबाब घ्यावा लागतो. वस्तू मिळाली, कुणावर संशय नाही, असं त्यांनी सांगितलं. व्यवसायाच्या रकान्याशी माझं पेन थांबलं.

“घरकाम,” आजी सवयीने म्हणाल्या.

मुलीने डोळे पुसले. घुंगरं अजून तिच्याच मांडीवर होती.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “गायिका लिहा.”