बेचाळीस कॉइलींची खोली

विजेच्या मोटारींचं वायंडिंग करण्याच्या दुकानात ताईची बोटं अठरा वर्षं तांब्याच्या तारेवर फिरत होती. जळकी तार उपटायची, मनात वेढे मोजत नवी भरायची. एकदा उरलेल्या तारेची चपटी कॉइल गुंडाळून तिने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, हेडफोन लावले आणि कॉइल सहज भिंतीवरच्या विजेच्या मीटरजवळ नेली. मीटरला सूर होता. जाड, संथ. फ्रिजचा वेगळा, ट्यूबलाइटचा चिरका, मोबाइलचा तर कुणी दार ठोठावावं तसा. एवढं सगळं हवेत भरलेलं आणि आपण त्यातून बहिऱ्यासारखे चालतो, या विचाराने तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

धाकट्या भावालाच तिने ते पहिल्यांदा ऐकवलं. तो लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा, दुरुस्तही करायचा. त्याने लावलेल्या माइकमध्ये घरघर शोधून दाखवा, अशी त्याची ख्याती. हेडफोन काढून तो म्हणाला, "ताई, बिघडलंय हे. यापेक्षा मामा सुरात घोरतात!"

आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. ताईही हसली. पण त्यानंतर सहा वर्षं तिने त्याला काही ऐकवलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

त्या सहा वर्षांत बेचाळीस कॉइली झाल्या. प्रत्येकीला एक छोटा स्पीकर आणि एक दिवा. आसपासच्या विजेची घरघर वाढली की सूर चढायचा, दिवा उजळायचा. माणूस खिशात मोबाइल घेऊन खालून गेला, तरी छतावर उजेडाची लाट धावायची. कलादालन एक खोली वर्षभरासाठी कुणा एकाला देणार होतं. निवड करणारे तिघे काम बघायला ताईच्या खोलीवर अकरा वाजता येणार, पंधरा मिनिटं थांबणार. ताईने आदल्या दिवशी सगळं टांगून ठेवलं. पण त्या सकाळी दुकानाच्या मालकाने पंपाची मोटार पुरी केल्याशिवाय सोडायला नकार दिला, म्हणून आईने धाकट्याला खोलीवर पाठवलं.

"नुसता बस," ताईने किल्ली देताना सांगितलं. "कुणाला हात लावू देऊ नकोस."

अकराला दोन मिनिटं असताना ती धापा टाकत पोचली. मागोमाग ते तिघे. तिने बटण दाबलं.

काहीच नाही. ना सूर, ना उजेड.

"सुरू झालंय का?" तिघांतल्या बाईंनी विचारलं.

"झालंय की!" कोपऱ्यातून धाकटा म्हणाला. त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. "सकाळी काय घरघर होती! एकेक काढली. आता टाचणी पडली तरी ऐकू येईल."

ताईने वर पाहिलं. प्रत्येक कॉइलच्या दोन टोकांमध्ये घरघर गिळणारा एक कंडेन्सर बसवला होता. बेचाळीस कंडेन्सर, चौऱ्याऐंशी सांधे, सगळे गोल, चकचकीत. इतकं सुबक काम त्याने पैसे घेऊनही कुणाचं केलं नसेल.

"शांतता हाच विषय आहे का?" बाईंनी नरमाईने विचारलं.

हो म्हणायला एक क्षण होता. "नाही," ताई म्हणाली आणि पिशवीतून पक्कड काढून स्टुलावर चढली. एक कंडेन्सर तोडला. एक दिवा मिणमिणला. दुसरा. पाचवा. सातव्यापाशी बाईंनी घड्याळ पाहिलं.

"कल्पना असेल चांगली. पण बोलावण्याआधी तयारी करायला हवी होती."

घरी ताटावर बसल्यावर धाकटा आईला सांगत होता, "आठपासून खपलो. लोक हसले असते गं तिला. तरी नाही पसंत पडलं. सामानच हलकं, त्याला मी काय करणार?"

"सख्खा भाऊ म्हणून केलंस, बाबा," आई म्हणाली.

"पुढच्या वेळी आदल्या दिवशीच सांग, ताई. येतो."

"पुढच्या वेळी तू येऊ नकोस."

त्याचा घास हातातच राहिला. आई कडाडली, "जिभेला काही हाड? सकाळपासून उपाशी होता पोरगा तुझ्यापायी!"

त्याने काढलेली घरघर हेच आपलं काम होतं, हे कारण सांगितलं असतं, तर तो उद्यापासून कुठलाही माइक निर्धास्तपणे दुरुस्त करू शकला नसता, हे ताईला कळत होतं. त्याच्याशी गोड बोलणंही तिला जमेना. ती ताट घेऊन उठली. मागे आई त्याची समजूत काढत होती, "जाऊ दे. कुणाच्या उपकाराची जाणच नाही तिला."