दुसऱ्या ड्रायव्हरची सीट

१९७० च्या पावसाळ्यानंतर माझी पोस्टिंग घाटमाथ्यावरच्या लष्कराच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली. कंपनीचं काम ठरलेलं होतं. डेपोतून सामान भरायचं, कॉन्व्हॉय करून बोरघाट उतरायचा, खोपोलीला अर्धा तास थांबायचं आणि पुढे मुंबईच्या गोदीत माल पोचवायचा. परत येताना गाड्या बहुधा रिकाम्या असत. मी कर्जतचा. घाट उतरला की माझं गाव उजव्या हाताला राहायचं, पण दोन वर्षांत मला तिकडे वळायला मिळालं ते फक्त रजेवर असताना.

माझ्याबरोबर काशिनाथ गायकवाड होता. तो खालापूर तालुक्यातला, पाताळगंगेच्या काठच्या एका गावचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो आणि रिक्रूट ट्रेनिंगमध्ये आमचे पलंग शेजारी होते. भरतीपूर्वी तो खोपोलीच्या एका ट्रकवर क्लीनर होता. मी मॅट्रिक होऊन ग्रंथालयात बसणारा. माझ्या पेटीत पुस्तकं असत म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. पुढे सगळी कंपनीच मला मास्तर म्हणू लागली.

तीन टनी गाडीचं लायसन्स मिळण्यासाठी तीन टप्पे होते. पहिला मैदानावरचा, दुसरा सपाट रस्त्यावरचा आणि तिसरा घाटातला. घाटाची टेस्ट पास झाल्याशिवाय लायसन्स हातात येत नसे. आणि लायसन्स नसलेला माणूस कॉन्व्हॉयमध्ये गाडीला हात लावू शकत नसे. नियमाप्रमाणे घाटातल्या प्रत्येक गाडीत दोन ड्रायव्हर हवेत. आमच्या कंपनीत तेवढे ड्रायव्हर नव्हते. म्हणून काशिनाथच्या गाडीत दुसऱ्या सीटवर मी बसायचो, शिकाऊ म्हणून. कागदावर ती सीट भरलेली दिसायची.

आमचे उस्ताद हवालदार बचनसिंग होते. गाडी मैदानावरच्या मातीच्या चढावर उभी करायची, हँडब्रेक लावायचा, आणि मग मागे न सरकता पुढे काढायची, हा त्यांचा आवडता धडा. ते शिकणाऱ्याचाच इनॅमलचा मग मागच्या चाकाला टेकवून ठेवायला सांगत. गाडी वीतभर जरी मागे आली तरी मग चेपायचा. त्याच चेपलेल्या मगातून त्याने आठवडाभर चहा प्यायचा. माझा मग पहिल्याच दिवशी ताटलीसारखा झाला.

लंगरमध्ये काशिनाथ म्हणाला, "मास्तर, त्यात आता चहा नको घेऊस. भाकरी वाढून घे."

"तुझा नाही का चेपला?"

"माझा कसा चेपंल? मी क्लीनर व्हतो तवा चाकामागं दगूड घेऊन मीच उभा ऱ्हायचो. गाडी मागं आली तर माझ्या पायावर यायची. आपोआप शिकतंय मानूस."

त्या गाड्यांचा गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा गिअर काढताना, एकदा घालताना, आणि मध्ये अ‍ॅक्सिलरेटर नेमका तेवढाच. चुकलं तर गिअर पडत नाही, नुसता कराकरा आवाज येतो. मला त्यामागचं यंत्रशास्त्र पाठ होतं आणि पाय ऐकत नव्हता. काशिनाथला यंत्रशास्त्र ठाऊक नव्हतं, पण रस्त्याच्या खुणांची लेखी परीक्षा त्यालाही द्यायची होती. संध्याकाळी मी त्याच्याकडून खुणा पाठ करून घ्यायचो. रविवारी बचनसिंगांच्या परवानगीने तो मला मैदानावर गिअर शिकवायचा. तो पहिल्याच टेस्टला पास झाला. मलाही दोन महिन्यांत गाडी येऊ लागली. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही. बचनसिंगांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मास्टर तैयार है. टेस्ट करवा दो."

ती टेस्ट काही होईना.

पहिल्या वेळी कंपनीचा क्लार्क रजेवर गेला आणि साठ्याची मोजणी निघाली. ज्याला इंग्रजी लिहिता येतं असा दुसरा कोणी नव्हता. टेस्टच्या दिवशी मी स्टोअरमध्ये टायर आणि ताडपत्र्या मोजत बसलो. दुसऱ्या वेळी वरून इन्स्पेक्शन आलं. सगळे फलक नव्याने रंगवायचे होते आणि माझं अक्षर चांगलं होतं. तिसऱ्या वेळी मी खरोखर घाटात पोचलो. माथ्यावर गाड्या रांगेत उभ्या होत्या, इंजिन चालू होतं, माझा नंबर तिसरा होता. तेवढ्यात मोटरसायकलवरून निरोप पोचवणारा डीआर आला. ऑफिसने मला ताबडतोब बोलावलं होतं. एका साहेबांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपसमारंभासाठी हिंदीत भाषण लिहून हवं होतं.

मी बचनसिंगांना म्हणालो, "उस्ताद, पाऊण तासाचं काम आहे. टेस्ट देऊन जातो."

"ऑर्डर है, मास्टर. उतरो."

मी उतरलो आणि डीआरच्या मागे बसून परत गेलो. भाषण छान झालं असं मला नंतर कळलं. टेस्ट घेणारे अधिकारी दुसऱ्या दिवशी परत गेले. पुढची तारीख महिन्यानंतर, असं उत्तर मिळालं. महिन्यानंतर तेच उत्तर पुन्हा मिळालं. मी अर्ज केला, तो माझ्याच टेबलावर आला, कारण तोपर्यंत मला ऑफिसात जवळजवळ कायमचं बसवलं होतं. कॉन्व्हॉयची माणसं कमी पडली की तेवढ्यापुरतं गाडीत पाठवायचे.

काशिनाथला याची मजा वाटायची आणि रागही यायचा. "तुला कुनी सांगितलं व्हतं एवढं शिकाया?" तो म्हणायचा. "माज्यासारखा अंगठा दाखवला असता तर आतापर्यंत लायसन मिळालं असतं."

"तू सही करतोस."

"करतो. पन त्यांना दिसंल अशी नाय करत."

सर्व्हिस संपल्यावर खोपोलीच्या कारखान्यांचा माल वाहायला दोघांनी मिळून एक ट्रक चालवायचा, असा त्याचा बेत होता. एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं, म्हणजे कोणी थकत नाही. त्यासाठी माझं लायसन्स त्याला माझ्यापेक्षा जास्त हवं होतं.

पुढच्या मार्चमध्ये काटेरी तारेची भेंडोळी गोदीत पोचवायची होती. बोटीची वेळ ठरलेली होती. सकाळी साडेसहाला दहा गाड्या निघाल्या. आमची पाचवी. काशिनाथने आदल्या दिवशी एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर घरी निरोप धाडला होता. त्याची आई खोपोलीच्या थांब्यावर भाकरी आणि सुकट घेऊन येणार होती. सहा महिन्यांत तो घरी गेला नव्हता.

निघाल्यावर थोड्याच वेळात मला कळलं की त्याला ताप आहे. त्याने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती आणि तरी दात वाजत होते.

"सिक रिपोर्ट का नाही केलास?"

"केला असता तर गाडी दुसऱ्याला दिली असती. आई येऊन बसनार हाय तितं."

घाटमाथ्यावर ब्रेक तपासायला कॉन्व्हॉय थांबला. मी उतरून कॉन्व्हॉय कमांडर सुभेदारसाहेबांकडे गेलो. सॅल्यूट करून सांगितलं, "साब, गायकवाड को बुखार है. घाट मैं उतार लूँगा."

"लायसन्स?"

"टेस्ट बाकी है, साब."

"तो बैठो."

बचनसिंग त्या दिवशी स्वतः तिसरी गाडी चालवत होते. तेही पुढे आले आणि म्हणाले, "साब, मास्टर चला सकता है. मेरी जिम्मेदारी."

सुभेदारसाहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, "जिम्मेदारी मेरी है, हवालदार. बिना लायसन्स कोई स्टिअरिंग को हाथ नहीं लगाएगा." मग ते स्वतः आमच्या गाडीपाशी आले आणि काशिनाथला विचारलं, "चला पाओगे?"

"जी, साब."

दुसरा ड्रायव्हर द्यायला कोणत्याच गाडीत नव्हता. जो तो आपापल्या गाडीत एकटाच होता. सुभेदारसाहेबांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही. नियम बरोबर होता. पण ज्या ऑफिसने तो नियम केला त्याच ऑफिसने मला चार महिने तो पुरा करू दिला नव्हता, आणि ही गोष्ट त्या सकाळी कोणाला सांगून उपयोग नव्हता.

आम्ही उतरायला लागलो. दोन गाड्यांमध्ये ठरलेलं अंतर होतं. पहिली वळणं त्याने नेहमीसारखी घेतली. शिंग्रोबाच्या देवळापाशी सिव्हिल ट्रक क्षणभर मंद होतात आणि क्लीनर नाणं टाकतो. आम्हाला थांबायची परवानगी नव्हती. काशिनाथ धर्माने बौद्ध होता, देवाला हात जोडत नसे, पण तिथे तो हॉर्नला बोट लावायचा. ट्रकवर असतानाची सवय, असं म्हणायचा. त्या दिवशी त्याने हॉर्न वाजवला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यापुढच्या उतारावर एक सिव्हिल ट्रक डाव्या बाजूला बंद पडला होता. दोन माणसं त्याच्याखाली आडवी पडून काम करत होती. त्यांचे पाय रस्त्यावर आले होते. आमच्या पुढच्या चार गाड्या बाजूने निघून गेल्या. काशिनाथने वेग कमी करायला तिसऱ्यातून दुसरा गिअर घालायला घेतला. क्लच दाबला, गिअर काढला, पुन्हा दाबला. कराकरा आवाज झाला. गिअर पडला नाही.

त्याचा गिअर चुकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

गाडी मोकळी सुटली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. ब्रेकवर पाय होता, पण भेंडोळ्यांच्या वजनाने गाडी ऐकेना. मी हँडब्रेक ओढला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. समोरून एक बस चढत येत होती, अजून लांब होती. डावीकडे ती माणसं होती आणि त्यांच्या पलीकडे दरी. उजवीकडे डोंगर.

काशिनाथ म्हणाला, "मास्तर, पाय वर घे."

त्याने गाडी उजवीकडे घेतली आणि बस येण्याआधी रस्ता ओलांडून डोंगराला लावली. ड्रायव्हरची बाजू कातळावर गेली. मागची भेंडोळी पुढे सरकून केबिनवर आली. माझं गळ्याचं हाड मोडलं. तो जागच्या जागी गेला. ट्रकखालची दोन्ही माणसं वाचली. ती कोण होती ते मला कधी कळलं नाही.

उरलेल्या गाड्या खोपोलीला ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या. त्याची आई थांब्यावर होती. तिला बचनसिंगांनी सांगितलं. तोवर मला दवाखान्यात नेलं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. गाडीत दुसरा ड्रायव्हर का नव्हता, असा प्रश्न निघाला. मग कंपनीतल्या सगळ्या राहिलेल्या टेस्ट एकदम उरकायचा हुकूम आला. माझा खांदा मोकळा झाल्यावर मला घाटात नेलं. चढावर थांबलो, निघालो, माथ्यावरून वळवली, दुसऱ्या गिअरमध्ये खाली आणली. ज्या जागी कातळ खरवडला होता तिथून गेलो. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि "पास" म्हणाले. सगळं मिळून पाऊण तास लागला. त्या पाऊण तासासाठी मी सहा महिने वाट पाहिली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस युद्ध झालं. आमच्या भागातून गेलेल्या आणि न परतलेल्या जवानांची नावं पुढे एका फलकावर कोरली. काशिनाथ गायकवाडचं नाव त्यात नाही. तो लढाईत गेला नाही, रस्त्यावर गेला, आणि तोही युद्धाच्या आधी. मी विचारणा केली होती. निकषात बसत नाही, असं कळवण्यात आलं.

युद्धाच्या आधीच, लायसन्स मिळाल्यावर मला दहा दिवसांची रजा मिळाली होती. मी कर्जतला घरी न जाता आधी त्याच्या गावी गेलो. त्याची आई अंगणात भात पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"तू मास्तर नं?"

"हो, आई."

"तू संगं व्हतास."

"होतो."

तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो सांगायचा, मास्तरला म्या शिकवली गाडी. माज्यावानी चालवतोय म्हनायचा. खरं का?"

"त्याच्यासारखी नाही. पण येत होती."

"आन् त्याला ताप व्हता."

"हो."

"मंग तू का नाय रं घेतलीस?"

"मागितली होती, आई. माझ्याकडं लायसन्स नव्हतं."

तिने पदराने हातांवरचा कोंडा झटकला.

"आता हाय?"

"आहे."

ती उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मग पुन्हा सूप हातात घेतलं.