सां-ऑर्बांमध्ये बघण्यासारखं

माझं पोस्टिंग सां-ऑर्बांला झालं, तेव्हा आईनं नागपूरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना पत्रं टाकली की पोरगा फ्रान्सला गेला. फ्रान्स कसलं डोंबल! सां-ऑर्बां अमेरिकेतच होतं, आमच्या तळामागच्या जंगलात. गल्लीबोळातली लढाई शिकवायला आर्मीनं उभं केलेलं खोटं फ्रेंच गाव. सिमेंटच्या ठोकळ्यांची वीस घरं, एक चर्च, एक बेकरी, चौकात कोरडं कारंजं. तिथं कधी कुणी जन्मलं नाही. आईला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. परवा इथं मिशिगनमध्ये, नोव्हायच्या मराठी मंडळात एका काकूंनी विचारलंच, "तुम्ही फ्रान्सला होतात ना? आम्ही समरला चाललोय. काय काय बघू?"

मी हसून चहा आणायला उठलो. उत्तर आता देतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील मिशिगनमध्ये गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांच्या मित्रांची मुलं मेडिकलला, मी आर्मीत रेडिओ ऑपरेटर. "मार्क्स कमी पडले का हो?" असं लोक वडिलांना विचारायचे, माझ्यासमोर.

०५३० ला उठायचं, ०७०० ला गावात हजर. सकाळी गाव जिंकायचं, दुपारी हरायचं, संध्याकाळी रिकामी काडतुसं झाडून काढायची. चर्चच्या मनोऱ्यात माझा रेडिओ. रेडिओवरचं माझं नाव, म्हणजे कॉल साइन, स्टीपल: चर्चचा मनोरा.

बेकरीचं घर रोबिशोकडे होतं. स्पेशालिस्ट रेमंड रोबिशो, लुईझियानाचा, वय बावीस. त्याची आजी घरात फ्रेंच बोलायची. गावाला इतिहास नाही हे त्याला सहन होईना.

"हिस्टरी नाही? मग हे गाव आहे की पार्किंग लॉट?" असं म्हणून पठ्ठ्यानं इतिहास लिहून काढला. राजावर रुसून आलेल्या एका बेकरीवाल्यानं गाव वसवलं. लढाईत चर्चची घंटा विहिरीत लपवली. कारंज्याचं पाणी नवरा-नवरीनं एका पेल्यातून प्यायचं. सगळं धादांत खोटं, आणि इतकं गोड की आम्हीच विश्वास ठेवायला लागलो. त्यानं पाट्या रंगवल्या. फ्रान्समध्ये गावोगावी युद्धात मेलेल्यांच्या नावांचा खांब असतो, हे लायब्ररीतून शोधून काढलं आणि चौकात सिमेंटचा खांब ओतला. त्यावर अठरा नावं, सगळी त्याच्या डोक्यातली.

"माझं पण टाक ना यार," मी म्हणालो.

"सॉरी. इथं फक्त न जन्मलेल्यांना जागा."

कॅप्टनला हे फार आवडलं. त्याचं माहितीपत्रक छापलं गेलं. फॅमिली डेला सैनिकांच्या घरचे लोक यायचे, रोबिशो गाव दाखवायचा.

आता आमची एक पद्धत सांगतो. सरावात कोण जखमी होणार हे आधीच ठरलेलं असे. त्याच्या छातीवर कार्ड अडकवायचं. कार्डावर जखम लिहिलेली. मेडिकनं कार्ड वाचायचं आणि तेवढ्याचाच इलाज करायचा. कुणाला खरोखर लागलं तर रेडिओवर दोनच शब्द बोलायचे: "नो प्ले." मग सगळं जागच्या जागी थांबायचं.

ते शब्द मी एकदा वापरले होते. ऑगस्टच्या उन्हात एक जण भिंतीशी निपचित पडलेला दिसला. मी "नो प्ले" म्हणालो. दोनशे माणसं थांबली. तो गाढ झोपला होता. कॅप्टननं सगळ्यांसमोर माझी सालटी काढली. त्या दिवसापासून माझं नाव मिस्टर नो-प्ले.

ऑक्टोबरमध्ये बाहेरून बडे पाहुणे आले. चौकाच्या कडेला खुर्च्या मांडल्या. रोबिशोच्या कार्डावर होतं: उजवी मांडी, गोळी. त्यानं चौकातल्या बेकरीच्या बाहेरच्या जिन्यावर बसकण मारायची होती. १०४२ ला तो वरच्या पायरीवर आला, कठड्याला टेकला आणि कठडा सुटला. तो खाली कारंज्याच्या कडेवर पोटावर आपटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मेडिक धावला. कार्ड वाचलं. उजव्या मांडीला पट्टी बांधायला लागला. माझ्या डोळ्यांना दुर्बीण होती. रोबिशो मांडीला हात लावत नव्हता. दोन्ही हात पोटावर होते. सराव चालवणाऱ्या कंट्रोलला मी रेडिओवर कळवलं.

"कंट्रोल, स्टीपल. कारंज्याजवळचा जखमी पोट धरतोय. ओव्हर."

"स्टीपल, कार्ड म्हणतं मांडी. रेडिओ मोकळा ठेव. आउट."

मी मोकळा ठेवला. रोबिशो नाटकी आहे, मी स्वतःला सांगितलं. पाहुण्यांसाठी करतोय. पुन्हा तोंडघशी पडायची माझ्यात हिंमत नव्हती, खरं ते हे. खाली मेडिकनं पट्टीची गाठ मारली, कार्डावर वेळ लिहिली आणि पुढच्या जखमीकडे गेला. त्याचं काम नियमानं चोख झालं होतं. मग रोबिशोनं मनोऱ्याकडे मान वळवली. मी कुठं बसतो हे त्याला माहीत होतं.

१०५१ ला मी म्हणालो, "नो प्ले. नो प्ले. नो प्ले."

तो अॅम्ब्युलन्समध्येच वारला. आतल्या आत रक्त वाहिलं होतं. मांडीवरची पट्टी तशीच होती, एकदम कोरडी.

चौकशी झाली. कठडा सडका होता, असं ठरलं. नऊ मिनिटांबद्दल मला एकच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "खात्री नव्हती, सर." त्यांनी लिहून घेतलं, थँक यू म्हणाले. मला कुणीतरी दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या.

मी कॅप्टनकडे गेलो. "सर, चौकातल्या खांबावर रोबिशोचं नाव घालू द्या."

"तो खांब प्रॉप आहे, नुसता देखावा, सोल्जर. खरी नावं तिथं शोभत नाहीत. फॅमिलीज येतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्क्रू ड्रायव्हरनं एकोणिसावं नाव कोरलं, काळा रंग भरला. दुपारच्या जेवणापर्यंत त्यावर करडा रंग फासला होता. वरच्या अठरा नावांना मात्र काळ्या रंगाचा नवा हात मिळाला.

पुढच्या फॅमिली डेला गाव दाखवायचं काम माझ्याकडे आलं. बेकरीवाला, घंटा, कारंजं, सगळं मी त्याच्याच शब्दांत सांगितलं. लोक हसायच्या जागी हसले. खांबापाशी एक म्हातारी बाई थांबली. तिनं अठराही नावं हळूहळू वाचली, डोळे पुसले आणि हातातली फुलं खाली ठेवली.

"सगळी याच गावची मुलं?" तिनं विचारलं.

"येस, मॅम," मी म्हणालो.

तर काकू, सां-ऑर्बांमध्ये बघण्यासारखं एवढंच आहे. खांबाच्या तळाशी करड्या रंगाचा एक पट्टा आहे. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बोट फिरवलं की अक्षरं लागतात. रेमंड रोबिशो. त्या गावचा खरोखर मेलेला एकटा तोच, आणि नऊ मिनिटं मी वरून बघत होतो.