कोरे अण्णांचा खाडा

कोरे अण्णा हॉटेलात जेवायला बसले आहेत, असं दृश्य मी पहिली दोन वर्षं पाहिलं नाही. ते आत शिरत, उभ्यानं भाकरीचा तुकडा मोडत, आमटीत बुडवून तोंडात टाकत आणि डोळे मिटत. मग वाढप्याला विचारत, "आत कोण हाय?"

वाढपी गोंधळायचा. "आत? आचारी हाय की."

"बाई का बाप्या?"

"बाप्या."

"चला बे देसाई," म्हणत अण्णा बाहेर. बाहेर त्यांची स्कूटर चालूच असे. बंद केली की रुसते, असं ते सांगत. ती एका किकमध्ये चालू होताना मी शंभरदा पाहिली आहे.

कऱ्हाडहून माझी बदली सोलापूरला, वीज कंपनीच्या बिलिंग ऑफिसात झाली. पहिल्या दिवशी डबा नसलेला मी एकटाच होतो. अण्णा मीटर रीडर. किडकिडीत, कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात पिशवी, बसल्या जागी गुडघा सारखा हलता. "नवीन का? चला, जेवू," असं म्हणून त्यांनी मला स्कूटरवर मागे घेतलं, आणि त्या एका जेवणासाठी आम्ही चार ठिकाणं पालथी घातली. बाळीवेशीत दोन घास, मधल्या मारुतीजवळ तीन, पुढं कुठल्याशा बोळात नुसती शेंगाचटणी आणि शेवटी टिळक चौकाच्या मागे उभ्यानं ताक. पोट भरलं असं म्हणवत नव्हतं आणि उपाशी आहे असंही म्हणता येत नव्हतं. मी निवांत बसून, पाय पसरून जेवणारा माणूस. त्या आठवड्यात मला पित्ताच्या गोळ्या घ्याव्या लागल्या.

पण एक कबूल केलं पाहिजे. सोलापूर मला ह्या माणसानं दाखवलं. मीटर रीडिंगच्या निमित्तानं शहरातल्या निम्म्या माजघरांत त्यांची ये-जा होती. पाटी नसलेल्या, दारात चपलांच्या ढिगावरून ओळखायच्या खाणावळी त्यांना तोंडपाठ होत्या. "ज्याची पाटी लांबून दिसती, तितं मी जात न्हाय," असं म्हणायचे. कुठली बाई कडक भाकरी पापडासारखी पातळ करते आणि कुठली उगाच जाडी ठेवते, कुणाची शेंगाचटणी उखळातली आणि कुणाची मिक्सरमधली, पूर्व भागात कुठल्या विणकराच्या ओसरीवर सकाळी गरम अंबील मिळते, सगळं ठाऊक. स्वतः पक्के शाकाहारी, तरी विजापूर वेशीत मटणाची चांगली शीक कुठं मिळते तेही त्यांनीच मला सांगितलं. "मी कशाला खातोय? बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघायची की. जो माणूस बाहेर येऊन लगेच बोलत न्हाय, तितलं जेवण चांगलं."

असं असताना ह्यांना स्वतःला कुठलंच जेवण का चालत नाही, हे कोडं होतं. त्यांच्या घरीही मी गेलो. वहिनींनी केलेली आमटी मी दोनदा मागून घेतली. अण्णा अर्ध्या भाकरीवर उठले. वहिनी हसत म्हणाल्या, पण ते हसू वरवरचं होतं, "माझ्या हातात काय कमी हाय ते सांगत न्हाईत. सांगितलं तर मी घालीन तरी."

एकदा साखर पेठेतल्या एका खाणावळीत माझं डोकं फिरलं. भरलं वांगं असं उतरलं होतं की बस. वर चुलीवरची भाकरी. आणि अण्णांचा नेहमीचा प्रश्न विचारून झाला, उत्तर आलं आणि ते म्हणाले, "चला."

"तुम्ही जा," मी म्हणालो. "मी जेवणार आहे. पोटभर. आणि आत कोण आहे ह्याच्याशी मला काही देणंघेणं नाही."

ते दारापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. मग बाहेर स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला. येऊन माझ्यासमोर बसले आणि पाण्याचा तांब्या उगाच ह्या हातातून त्या हातात करत राहिले.

"मी एका बाईला हुडकतोय बे," ते म्हणाले.

माझा घास हातातच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून ही थट्टा नव्हती, एवढं कळलं.

अण्णा मूळचे मंद्रूपचे. विसाव्या वर्षी इथल्या कापड गिरणीत लागले. गिरणीच्या गेटासमोर नीलव्वा नावाच्या बाईची खाणावळ होती. पत्र्याची शेड, खाली घोंगडी अंथरलेली, चाळीसभर मेंबर. अण्णा तिथं सहा वर्षं जेवले. ज्वारीचं पीठ तव्यावर लाल भाजून ती आमटीत लावायची. तो वास गेटाच्या आत यायचा आणि भोंग्याआधी माणसं हात धुवायची. तिचा नियम एकच. उद्या जेवायला येणार नसाल तर आज सांगायचं. ह्याला खाणावळीत खाडा म्हणतात. खाडा सगळीकडे असतो, पण इतर ठिकाणी तो सामान वाया जाऊ नये म्हणून. नीलव्वाचं वेगळं होतं. न सांगता कुणी आलं नाही, तर ती त्याचं ताट वाढून झाकून ठेवी आणि तो येईपर्यंत स्वतः जेवत नसे. "मी पीठ न्हाय मोजत, माणसं मोजते," असं म्हणायची.

मग एका सकाळी गिरणीच्या गेटाला कुलूप दिसलं. आरडाओरडा, पोलीस, धावपळ. गावाकडून भाऊ टेम्पो घेऊन आलेला होता, त्यानं अण्णांना ट्रंकेसकट त्यात बसवलं. चार पावलांवर खाणावळ होती. "दोन दिसांत येतोच की, म्हणून न सांगता गेलो," अण्णा म्हणाले. "आठ म्हैन्यांनी आलो." शेडला कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्यानं एवढंच सांगितलं, "तुझं ताट चार दिवस झाकून ठेवलं होतं की अव्वानं. सांगून जायचं न्हाय व्हय?" ती कुठं गेली ते त्याला ठाऊक नव्हतं. कुठल्याशा हॉटेलात आत भाकऱ्या करते, असं कानावर आलं होतं.

"चार दिवस बे, देसाई," अण्णा म्हणाले. "ती चार दिवस जेवली न्हाय का मधनं काय खाल्लं, ते बी मला ठाव न्हाय. बसलो जेवायला की तेच येतं. तिला एकदा सांगायचंय. खाडा हाय म्हणून."

मी म्हणालो, अहो, तीस वर्षं झाली. मग मात्र त्यांच्याबरोबर चार-चार ठिकाणं फिरताना मी कुरकुर केली नाही. उलट मलाच ती सवय लागली. नवीन खाणावळ दिसली की मी आधी आमटीचा वास घ्यायचो. जेवणाची चव गेली आणि शोध तेवढा राहिला. बायको म्हणायची, सोलापूरला जाऊन तुमचं बूड टेकेनासं झालंय.

नीलव्वा सापडली ती मात्र वासानं नाही, अर्जानं. एक बाई मीटर आपल्या नावावर करून घ्यायला माझ्या खिडकीशी आली. जुन्या नोंदीत जोडणी धंद्याची दिसत होती. मी तसं म्हणालो, तर ती वैतागून म्हणाली, "घरगुतीच हाय ओ. धंदा होता तो सासूबाईंचा. गिरणीच्या गेटाला खाणावळ होती, तिचं कांडप इथं घरी व्हायचं. ती कवाच बंद झाली." मी खिडकी तशीच टाकून अण्णांना गाठायला उठलो. रांगेतल्या लोकांनी माझ्या नावानं काय शंख केला असेल तो केला. अर्जातला पत्ता अक्कलकोट रोडच्या मागच्या अंगाच्या एका गल्लीतला होता, त्या भागात अण्णांची कधी ड्युटी लागली नव्हती. आणि नीलव्वानं गिरणी बंद झाल्यावर परक्यासाठी चूलच पेटवली नव्हती. अण्णा तीस वर्षं हॉटेलांच्या आत डोकावत होते, आणि ती कुठल्याच हॉटेलात आत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. म्हातारी उंबऱ्याशी घोंगडीवर बसली होती. नजर अधू, पाठ मात्र ताठ. अण्णांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या.

"अव्वा, मी कोरे. मल्लिनाथ. मंद्रूपचा. सूतखात्यातला. कोपऱ्यात बसायचा बघा, खांबाला टेकून."

"कोण कोरे?"

अण्णांनी सगळं सांगितलं. गेट, कुलूप, टेम्पो, चार दिवस झाकलेलं ताट. बोलताना ते लहान पोरासारखे हात चोळत होते. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या दिवशी कोण सांगून गेलं रे? चाळीस माणसं होती. चाळीस ताटं झाकली मी. कुणाकुणाचं नाव ध्यानात ठेवू?"

परतताना मी स्कूटरवर मागे बसलो होतो. मला वाटलं, सुटले बिचारे. ओझं उतरलं. अशोक चौकाच्या सिग्नलला त्यांनी मान मागे वळवली. डोळे भरले होते. "मला वाटत होतं बे, माझं एकट्याचंच ताट होतं." मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तरी ते हलले नाहीत. मला त्यांचा राग आला, कीवही आली. आणि त्या म्हातारीचा विचार डोक्यातून जाईना. चाळीस ताटं.

आठ दिवस त्यांनी नुसती ड्युटी केली. नवव्या दिवशी साडेबाराला डबा घेऊन निघाले. बाळीवेशीतल्या त्यांच्या पहिल्या नंबरच्या खाणावळीतून आमटी आणि कडक भाकरी घेऊन ते नीलव्वाकडे गेले. तिनं भाकरी आमटीत कुस्करली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "हिला पीठ भाजता येत न्हाय." अण्णा हे मला सांगत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी दुसरी खाणावळ. "चिंच जास्त." तिसऱ्या दिवशी पूर्व भागातली चटणी. "शेंगा जुन्या हाईत." माणसानं शहरभर वणवण करून जे जे धुंडाळलं होतं, ते सगळं त्या म्हातारीपुढं एकेक करून नापास होत होतं आणि अण्णा खूश होते. ती डब्यातलं अर्धं त्यांना वाढायला लावी. तिथं बसून, मांडी घालून, ते जेवत. मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. गुडघा तेवढा हलत होता.

ते रिटायर झाले, तरी हा क्रम चालू राहिला. मंद्रूपला लग्न-बिग्न असलं की आदल्या दिवशी सांगून येत. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "आता घरी बी पोटभर जेवतात. त्या म्हातारीनं काय केलं कोण जाणे." आणि ह्या वेळी त्या खरंच हसल्या.

गेल्या माघात, एका सकाळी अंघोळीला पाणी काढताना अण्णा खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मंद्रूपला नेलं, तिथंच मळ्यात माती दिली. मी दोन दिवस तिकडेच होतो. वहिनींचं, कागदपत्रांचं, पेन्शनचं, सगळं धावत होतो. आणि ह्या सगळ्यात अक्कलकोट रोडच्या मागच्या गल्लीत कुणीतरी जाऊन सांगायला हवं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. विसरलो असं म्हणणार नाही. उद्या जाऊ, म्हणत राहिलो. नव्वदीच्या बाईला हे कसं सांगायचं, ह्या भीतीनं माझी स्कूटर दोनदा त्या रस्त्याला घालून परत वळवली. अण्णांची सगळी कहाणी ऐकलेला माणूस मी, आणि मीच असं केलं. ह्याची लाज अजून जात नाही.

पाचव्या दिवशी गेलो. सून दारातच म्हणाली, "बरं झालं आलात. चार दिवस झालं, दुपारचं जेवतच न्हाईत. तो आला न्हाय अजून, म्हणतात. सकाळी भाकरीचा तुकडा खातात, तेवढाच."

आत ताट वाढलेलं होतं, वर दुसरं ताट उपडं घातलेलं. मी नीलव्वाच्या समोर बसलो. काय शब्द वापरले ते आठवत नाही. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "शेवटी काय खाल्लं त्यानं?"

"आदल्या दिवशी तुमच्याबरोबरच जेवले होते," मी म्हणालो. "घरी जाऊन भूक नाही म्हणाले. पोट भरलंय म्हणाले."

तिनं मान हलवली. पदरानं डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली. "ते ताट ह्याला दे. आनि मला वाढ."

आम्ही जेवलो. आमटी सुनेच्या हातची होती. पीठ लाल भाजलेलं, तोच वास, जो मला फक्त ऐकून ठाऊक होता. मी ताटात काही टाकलं नाही. हात धुऊन, "येतो" म्हणून उठलो. चपलांत पाय घातला, तोच तिनं मागून विचारलं, "उद्या येनार का? न्हाईतर आत्ताच सांग."

मी वळून म्हणालो, "येतो." आणि उद्या साडेबाराला कुठून काय न्यावं, ह्याच विचारात बाळीवेशीपर्यंत आलो.