पिवळी गाडी आणि बुधवारची रात्र

थायलंडमधल्या उदोन शहरात, आमच्या शोरूममध्ये जुमताईच्या टेबलावर एकच गाडी विकली जायची: त्या बड्या परदेशी कंपनीची सगळ्यात धाकटी. चिन्ह तेच, आकार लहान, किंमत खिशाला जरा सोसेल अशी. पहिल्या वर्षी तिच्यासाठी रांगा लागल्या. शिकवणीवाले, दातांचे डॉक्टर, सोनारांच्या सुना, ज्यांना म्हणून आपण वर आल्याचं शेजाऱ्यांना दाखवायचं होतं ते सगळे जुमताईकडे येत. मग विजेवरच्या चिनी गाड्या आल्या. कमी पैशांत मोठा पडदा, ऐसपैस बैठक. शेजाऱ्यांना दाखवायला लोकांना आता त्या हव्या झाल्या.

जुमताईच्या गाडीचा खप घसरत घसरत पार तळाला गेला. शेवटी बँकॉकहून निरोप आला. उरलेली एकुलती एक पिवळी गाडी महिनाअखेरीपर्यंत गेली नाही, तर हे मॉडेल आमच्या शाखेतून बंद, आणि ते टेबलही. टेबल म्हणजे जुमताई, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाई मुळातच घाबरट. नवरा नाही, मुलगी नर्सिंगला. फोन वाजला की हिचा हात आधी छातीवर, मग फोनवर. मी शेजारच्या टेबलावर विमा विकते, त्यामुळे सगळं पाहत होते. त्या महिन्यात गिऱ्हाईक येऊन परत जाईल या भीतीने ती लघवीलासुद्धा उठेना.

आणि गिऱ्हाईक आलं. वरिन नावाची दातांची डॉक्टर. गाडीभोवती एक फेरी मारली आणि घेते म्हणाली. जुमताईने रंग जुळतो का बघायला नेहमीचा प्रश्न विचारला, "जन्मवार?"

"बुधवार."

"मग पिवळा तुम्हाला लाभतोच!" असं म्हणत तिने घाईघाईने पावती फाडली. दिवसा की रात्री, हे विचारायचं राहिलं. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा हे विचारतं. बुधवारचा दिवस हा एक वार, आणि सूर्य मावळल्यावरचा बुधवार हा दुसराच, राहूचा. एकाला लाभणारा रंग दुसऱ्याला खातो. हजार गाड्या विकलेल्या बाईने हे विसरावं! पण भीतीने माणूस स्वतःचं नावही विसरतं.

गाडी न्यायच्या दिवशी डॉक्टरीणबाई आईला घेऊन आल्या. बुनलुआन मावशी, बाजारात सॉसेजचं दुकान चालवणारी, आवाज खणखणीत. गाडी बघताच ती थबकली.

"हा रंग कुणी ग निवडला? माझी पोर दिवेलागणीनंतरची आहे. पिवळा तिचा वैरी!"

"आई, पुरे. पेशंट खोळंबलेत माझे."

"तू गप. दात उपटायला शिकलीस म्हणून सगळं कळायला लागलं का?"

जुमताईच्या तोंडचं पाणी पळालं. तरी सावरून म्हणाली, "मावशी, मागे चिठ्ठी लावू. 'ही गाडी काळी आहे.' काळा राहूचा रंग, तेवढ्याने तो फसतो. सगळेच लावतात."

"भाजीच्या टेम्पोवर लावतात," डॉक्टरीण फणकारली. "ती चिठ्ठी मिरवायची तर ही गाडी घेतेय कशाला?"

मावशी जुमताईकडे वळली. "मग तूच सांग. चिठ्ठीशिवाय चालेल?"

काचेच्या केबिनमधून मॅनेजर बघत होता.

"चालेल, मावशी," जुमताई म्हणाली. "आता कोण मानतंय एवढं?"

नेमकी तेव्हाच तिची मुलगी फांग आईसाठी चिकट भात आणि भाजलेली कोंबडी घेऊन आत आली. पांढरा गणवेश, हसरा चेहरा. मावशीने तिला नीट न्याहाळलं.

"ही तुझी? छान. आम्ही आता देवळात जातोय, भिक्खूंकडून गाडीला टिळा लावून घ्यायला. हिलाही पाठव सोबत. माझी पोर बसते, तुझीही बसू दे."

"चला की!" म्हणत फांगने पिशवी टेबलावर ठेवली आणि दरवाज्याला हात घातला. मी मागून जुमताईला खुणा करत होते, हो म्हण, हो म्हण. देऊळ पलीकडच्या चौकात तर आहे!

जुमताईने मुलीचं मनगट धरलं. "नको," ती म्हणाली. "ही नको."

मग मावशी म्हणाली, "अन् माझी चालते होय ग तुला?" रागावली नव्हती, हेच वाईट. तिने लेकीचा दंड धरला आणि दोघी गाडी न घेताच निघून गेल्या.

मी जुमताईवर भडकले. रंगाने कधी कुणी मेलंय का? लोक मरतात ते दारू पिऊन गाडी हाकतात म्हणून.

महिना संपला. ट्रक पिवळी गाडी बँकॉकला घेऊन गेला. जुमताईने खणातलं सामान पिशवीत भरलं, मी स्कूटरपर्यंत सोडायला गेले. फांग आईला न्यायला आली होती, तिचे डोळे सुजलेले.

"आई, गाडीच होती ना ग ती. मी बसले असते."

"माहितीये," जुमताई हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "तू बसली असतीस. पण तू परत येईपर्यंत मी काय केलं असतं?"